हिरव्या फायलीतली सही

१

बेबीताईंनी खालचा खण उघडला. फाईल नव्हती.

बाकी सगळं जागच्या जागी होतं. प्लॅस्टरचे जुने साचे होते, बोथट झालेल्या कानशी होत्या, घराच्या खरेदीखताचं जाडजूड पाकीटसुद्धा होतं. नव्हती ती फक्त हिरव्या पुठ्ठ्याची फाईल. काल सकाळीच त्यांनी चष्मा लावून ती पानन् पान वाचली होती, नाडी बांधली होती आणि स्वतःच्या हातानं याच खणात ठेवली होती.

बेबीताई कवळ्या बनवत. शहरातल्या चार दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे ठसे यायचे. त्यावरून मेणात, मग प्लॅस्टरमध्ये आणि शेवटी गुलाबी हिरडीत दात बसवून त्या परत पाठवायच्या. पन्नाशी उलटली तरी घरातलं ‘बेबी’ हे नाव काही सुटलं नव्हतं. बाहेरच्यांनी त्याला ‘ताई’ जोडून घेतलं होतं, इतकंच. पहिल्या मजल्यावरचं घर त्यांचं स्वतःचं. मागची खोली कामाची, पुढची राहायची आणि मधली दहा महिन्यांपूर्वी एका निवेदिकेला दिलेली. निवेदिका रेडिओवर बातम्या वाचायची.

पहिले चार-सहा महिने बरे गेले. मग दोघींमध्ये असं काही बिनसलं की गेला महिनाभर एका छपराखाली राहून दोघी एकमेकींशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. खोली सोडण्याची नोटीस दिलेली होती. तीस दिवसांची मुदत येत्या रविवारी संपत होती आणि आज गुरुवार उजाडला होता.

फायलीत तीनच कागद होते. दोघींच्या सह्यांचा करार. नोटिशीची प्रत, जिच्या खाली ‘मिळाली’ असं लिहून निवेदिकेची सही होती. आणि बेबीताईंनी रागाच्या भरात लिहून ठेवलेला तक्रारींचा कागद.

‘तिनंच उचलली,’ त्यांच्या मनानं निकाल देऊन टाकला. त्या तरातरा मधल्या खोलीपाशी गेल्या आणि दार वाजवलं.

दार उघडलं. निवेदिकेच्या हातात कंगवा होता.

“माझी फाईल कुठाय?” बेबीताईंनी विचारलं.

“कुठली फाईल?”

“कराराची, नोटिशीची. सोंग घेऊ नका. रविवारी जायचंय तुम्हाला, आणि अजून एक खोकं भरलेलं दिसत नाही.”

निवेदिकेनं कंगवा खाली ठेवला. मग बातम्या वाचताना येतो तसा तिचा आवाज एकदम सपाट झाला.

“मला कुणीही, कसलीही नोटीस दिलेली नाही, ताई. आणि मी रविवारी कुठेही जाणार नाही.”

२

नऊच्या ठोक्याला बेलिफमामा आले. हे बेबीताईंचे सख्खे मामा. एकतीस वर्षं कोर्टात बेलिफ होते. लोकांच्या दारात समन्स नेऊन देणं, नोटिशी बजावणं, निकाल लागला की घरांचे ताबे घेणं, यात त्यांची हयात गेली. किती जणांचे शिव्याशाप खाल्ले याची गणती नव्हती, पण माणूस स्वभावानं मऊ. आज ते मुळात फाईलच बघायला येणार होते. रविवारी बाई हलली नाही तर पुढं काय करायचं, हे भाचीला विचारायचं होतं.

“बघायला फाईलच नाही म्हणतेस?” मामांनी चष्मा पुसत विचारलं. त्यांना धक्का बसण्याऐवजी मजा वाटत असावी असं बेबीताईंना वाटलं आणि त्या आणखीच चिडल्या.

“चोरलीय तिनं. आता म्हणते नोटीसच मिळाली नाही. मी सरळ कुलूप बदलते. रविवारी ती कामावर गेली की सामान बाहेर.”

“असं करशील तर कोर्टात आरोपी म्हणून तू उभी राहशील, ती नाही.”

“माझ्याच घरात?”

“तुझ्याच घरात. मुदत संपेपर्यंत ती खोली तिची. मुदत संपली तरी कुलूप बदलायचं नाही, दिवे-पाणी तोडायचं नाही, तिच्या कपबशीला हात लावायचा नाही. पोलिसांकडं गेलीस तर ते म्हणतील, हा दिवाणी मामला, आमचा संबंध नाही. तुला कोर्टात अर्ज करावा लागेल. कोर्ट सांगेल, नोटीस बजावल्याचा पुरावा दाखवा. तो दाखवलास तर हुकूम निघेल आणि मग माझ्यासारखा एखादा म्हातारा येऊन ताबा घेईल.”

“आणि पुरावा नसला तर?”

“तर तुझी मुदत सुरूच झालेली नाही. नव्यानं नोटीस द्यायची, नव्यानं तीस दिवस.”

“म्हणजे तिनं बरोबर तोच कागद पळवला!”

“कुणीतरी पळवला,” मामा म्हणाले. “खण दाखव मला.”

कामाच्या खोलीत सगळ्यावर प्लॅस्टरची पांढरी पूड होती. टेबलाला एका रांगेत सहा खण होते. मामांनी वाकून एकेका खणाची मूठ पाहिली. पाच मुठींवरची पूड हललेली नव्हती. फक्त खालच्या उजव्या खणाची मूठ स्वच्छ होती.

“फाईल या खणात असते हे कुणाला ठाऊक होतं?”

“कुणालाच नाही. म्हणजे... मला.”

“आणि मी आज येणार हे?”

बेबीताई विचारात पडल्या. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

३

दारात डॉक्टरांकडची मदतनीस होती. तयार कवळ्या न्यायला ती रोज यायची, काल अकराला आली होती. बोलकी बाई. मामांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि सहज गप्पा मारतोय असं दाखवत हवं ते काढून घेतलं.

“काल तुम्ही कामाच्या खोलीत एकट्या होता का हो?”

“होते की. ताई कवळ्यांचे डबे आणायला पुढच्या खोलीत गेल्या होत्या. पाच मिनिटं असेन.” मग तिच्या काहीतरी लक्षात आलं. “का? काही हरवलंय का?”

“मधली खोली तुमच्या बहिणीसाठी हवी होती ना तुम्हाला?” बेबीताईंनी मध्येच विचारलं.

“हवी होती म्हणजे? अजून हवीय! रविवारी रिकामी होणार म्हणून ती तिकडे बांधाबांध करून बसलीय.” मदतनिशीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “होणार ना रिकामी?”

ती गेल्यावर मामा हसले. “हिला बाजूला ठेव. निवेदिका बाहेर पडावी म्हणून जी देव पाण्यात घालून बसलीय, ती तिला बाहेर काढणारा कागद कशाला पळवेल?”

“मग राहिली कोण? तीच!”

“काल ती घरात कधी होती?”

बेबीताईंनी आठवून पाहिलं. निवेदिका बाराला कामावर गेली, आठनंतर आली. सकाळी घरात होती, पण अकरापर्यंत बेबीताई कामाच्या खोलीतून उठल्याच नव्हत्या. नंतर मदतनीस आली. तिच्या पाठोपाठ खिडकीची कडी बसवायला दादा आला, तो दोनपर्यंत होता. संध्याकाळी बेबीताईंनी खोलीला कुलूप घातलं ते आज सकाळी उघडलं.

“दादाला काय विचारायचं, तो आपलाच आहे,” त्या म्हणाल्या. दादा त्यांचा थोरला भाऊ. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एकेक अक्षर असं घोटीव काढायचा की लोक पाटी बघायला थांबायचे. आई गेल्यापासून आठवड्यातून दोनदा तरी येऊन बहिणीच्या घरातलं मोडकंतोडकं दुरुस्त करून जायचा.

मामा उठले. ते मधल्या खोलीकडे निघाले. “तिला विचारून आत जाऊ,” ते म्हणाले, “न विचारता नाही.”

निवेदिकेनं दार सताड उघडलं. “बघा ना. मी काही लपवलेलं नाही.”

मामा खोलीच्या मधोमध उभे राहिले. त्यांनी काहीही उचकलं नाही, नुसते पाहत राहिले. भिंतीवर नवी फळी ठोकली होती, चार खिळ्यांवर, पक्की. फळीवर पुस्तकं लावून झाली होती. खिडकीत कुंडीत नुकतंच लावलेलं रोप होतं, दोन पानांचं.

“ही फळी कधीची?” मामांनी विचारलं.

“तीन आठवडे झाले असतील.”

“बाहेर जाताना खोलीला कुलूप लावता?”

“नाही. कशाला?”

मामांनी मान डोलावली. बाहेर येऊन त्यांनी बेबीताईंना कोपऱ्यात नेलं. त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते.

“बेबी, मी घर बळकावून बसलेली माणसं पाहिलीत. शेकड्यांनी पाहिलीत. ती दाराला दोन कुलपं लावतात. सामान दाराजवळ ठेवतात. घराबाहेर पडायला घाबरतात, की मागे कुणी आत शिरेल. आणि ही रोज आठ तास दार उघडं टाकून कामावर जाते? भिंतीला खिळे ठोकते? रोप लावते?”

“मग?”

“ही बाई खोटं बोलत नाहीये. तिला खरंच माहीत नाही की तिला जायचंय.”

४

बेबीताईंना ते पटेना. “अहो मामा, तिनं सही केलीय! मी डोळ्यांनी पाहिलीय. ‘मिळाली’ म्हणून लिहिलंय, खाली तिची सही.”

“सांगतो. पण आधी मला तुझा तिसरा कागद सांग. तक्रारींचा. काय काय लिहिलं होतंस?”

हा विषय निघाला आणि बेबीताईंचा बांध फुटला. काय नव्हतं त्यात! न विचारता कामाच्या खोलीत शिरते. ऐन थंडीत येऊन खिडक्या उघडते, मेण आखडतं, अर्ध्या दिवसाचं काम वाया जातं. एकदा नाही, तीनदा बर्नरचा गॅस सिलिंडरपाशी बंद करून टाकला. विचारलं तर म्हणते, ‘चालूच राहिला होता.’ मी काय आज हे काम करतेय? टेबलावर चिठ्ठ्या ठेवते, ‘खिडकी उघडी ठेवा’. माझं चांगलं भांडंभर दूध मोरीत ओतलं. आणि वर तोंड करून टोमणा मारला.

“कसला टोमणा?”

“दूध ओतताना मी पकडलं तेव्हा म्हणाली, ‘तुम्हाला वास येत नाही का?’ असं! म्हणजे माझ्या घराला, माझ्या कामाला घाण मारते म्हणायचं होतं तिला. वीस वर्षं काम करतेय मी त्या वासात. मी म्हटलं, वास येत असेल तर चालत्या व्हा. ती म्हणाली, जाते. त्या दिवसापासून बोलणं बंद.”

मामा खुर्चीत बसले होते ते सावरून बसले.

“पुन्हा सांग. तिचे शब्द काय होते? अगदी तसेच.”

“‘तुम्हाला वास येत नाही का?’”

“आवाज कसा होता? चढा?”

बेबीताई बोलायला गेल्या आणि थबकल्या. आवाज चढा नव्हता. हळूच विचारलं होतं तिनं. तेव्हा त्यांना ते अधिकच कुजकट वाटलं होतं.

मामांनी खुर्ची पुढं ओढली. मग त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला. बेलिफाशिवाय दुसऱ्या कुणाला तो सुचला नसता.

“नोटीस दिली, नोटीस दिली असं सकाळपासून म्हणतेयस. तिच्या हातात ती दिली कुणी?”

“दिली म्हणजे... आमचं बोलणं बंद होतं ना. माझा आवाज चढतो, उगाच तमाशा नको, असं दादाच म्हणाला. कागद घेऊन तो तिच्या खोलीत गेला आणि सही घेऊन आला.”

“सही करताना तू पाहिलंस?”

“नाही,” बेबीताई म्हणाल्या.

“आणि मी फाईल बघायला येणार, हे तू कुणाला सांगितलं होतंस?”

बेबीताईंना आठवलं. काल दादा कडी बसवत होता तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं. कागद खालच्या खणात आहेत, मामा उद्या येऊन सगळं बघणार आहेत. मग त्या भात टाकायला उठून गेल्या होत्या.

५

मामांनी दादाला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा दुपार झाली होती. निवेदिकेनं कामावर कळवून दोन तास उशिरा येण्याची परवानगी घेतली होती. ती दाराच्या चौकटीशी उभी होती. दादाच्या खांद्याला रंगाच्या डब्यांची पिशवी होती. तिघांचे चेहरे बघून त्यानं ती हळूच खाली ठेवली.

“मामा, कधी आलात?”

“सकाळी. बस. फाईल पिशवीत आहे की घरी?”

दादानं नाही म्हणायला तोंड उघडलं, मिटलं, आणि पिशवीतून हिरवी फाईल काढून टेबलावर ठेवली. एका कोपऱ्याला निळा रंग लागला होता.

मामांनी करार आणि नोटीस शेजारी शेजारी ठेवली. करारावरची निवेदिकेची सही घाईची, उजवीकडे उतरत गेलेली. नोटिशीवरचीही तशीच, अगदी हुबेहूब उतरत गेलेली. पण वरचा ‘मिळाली’ हा शब्द इतका रेखीव होता, वेलांट्या इतक्या गोल होत्या, की तो दुकानावर टांगायला चालला असता.

“सही जमली,” मामा म्हणाले. “एका शब्दात हात ओळखू आला. कागद माझ्यासमोर आला असता तर हे मला एका नजरेत दिसलं असतं, तुला ठाऊक होतं. म्हणून फाईल गेली.”

“ही माझी सही नाही,” निवेदिका म्हणाली. मग ती दादाकडे वळली. “आणि तुम्ही तर मला... तुम्ही सांगितलंत की ताईंचा निरोप आहे. झालं गेलं विसरा, अजून वर्षभर राहा, फक्त तिला बोलायला लावू नका, ती संकोचते. रेडिओ केंद्राजवळ मला खोली मिळाली होती. तुमच्या शब्दावर मी ती सोडली!”

“माझा निरोप?” बेबीताई उठून उभ्या राहिल्या. “मी असला निरोप दिला? दादा, तू खोटी सही केलीस? माझ्या नावावर खोटं बोललास? का? बोल ना! तुझं काय अडलं होतं त्यात?”

दादा जमिनीकडे बघत राहिला. “मामांना विचार,” तो पुटपुटला. “त्यांना कळलंय.”

मामा उठले. स्वयंपाकघरातून तीन पेले घेऊन आले, वर बशा झाकलेल्या. “बेबी, डोळे मीट. प्यायचं नाही, नुसतं हुंगायचं. काय आहे ते सांग.”

“हे काय आता पोरखेळ—”

“माझ्यासाठी.”

त्यांनी डोळे मिटले. मामांनी पहिला पेला नाकाशी धरला.

“पाणी.”

दुसरा.

“पाणीच.”

तिसरा.

“पाणी! तिन्हीत पाणी आहे, मामा, आता पुरे.”

बेबीताईंनी डोळे उघडले. पहिल्या पेल्यात पाणी होतं. दुसऱ्यात तपकिरी व्हिनेगर होतं. आणि तिसऱ्यात, मेण तापवायच्या त्यांच्याच दिव्यातलं निळं स्पिरिट.

त्यांनी तो पेला उचलून स्वतः नाकाशी नेला. अगदी जवळ नेला. डोळ्यांत पाणी आलं, नाक आतून झोंबलं. पण वास म्हणून काही आला नाही.

“गेल्या हिवाळ्यातल्या तापानंतर असेल,” मामा म्हणाले. “किंवा वीस वर्षं त्या गुलाबी हिरडीच्या द्रवावर ओणवं बसून हळूहळू. हळूहळू जातं ते माणसाला कळत नाही. तुझ्या तक्रारी मी ऐकल्या आणि मला वाटलं, या सगळ्या तक्रारी नाहीतच, ही एकच गोष्ट आहे. दूध नासलं होतं. खिडक्या उघडल्या कारण खोलीत वाफ कोंडली होती. आणि गॅस...”

“बर्नर विझलेला असायचा,” निवेदिका हलक्या आवाजात म्हणाली. “आणि गॅस सुटत असायचा. तुम्ही शेजारी बसून दात लावत असायचात. पहिल्यांदा मला वाटलं, तुमचं लक्ष नाही. तिसऱ्यांदा मी घाबरले. म्हणून त्या दिवशी दूध ओतताना विचारलं, तुम्हाला वास येत नाही का. मी खरंच विचारत होते, ताई.”

बेबीताईंनी पेला खाली ठेवला.

“गॅसची नळीही फुटली होती, ती मी बदलली,” दादा बोलू लागला, आणि बोलू लागल्यावर थांबेना. “यांनीच मला सांगितलं होतं. मी तुला म्हटलं, डॉक्टरांना नाक दाखव, तर तू पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाहीस. आठवतंय? यांना तू घराबाहेर काढलंस तर घरात दुसरं नाक नाही, बेबी! मी दोन बस बदलून येतो, मी किती पुरणार? मला दुसरं काही सुचेना. वर्षभर राहिल्या असत्या तर तोवर काहीतरी मार्ग निघाला असता.”

“तोंड होतं तुला,” बेबीताई म्हणाल्या. “सांगायचं होतंस.”

“तुझी भीती वाटते मला,” दादा म्हणाला. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण त्यानं ते इतक्या सरळपणे सांगितलं की मामांनासुद्धा दुसरीकडे बघावं लागलं.

६

चहा झाला. तो निवेदिकेनंच केला, कारण दुसऱ्या कुणाला ते सुचलं नाही.

“आता कायद्याचं बोलू,” मामा म्हणाले. “नोटीस बजावलीच गेली नाही, तेव्हा ती रद्द. रविवारची मुदत नाही. बेबी, तू आज तिच्या हातात नवी नोटीस देऊ शकतेस, मी साक्षीदार राहीन, तीस दिवस आजपासून. खोट्या सहीबद्दल दादावर फिर्याद तूही करू शकतेस आणि या बाईही करू शकतात. गंमत नाही, गुन्हा आहे तो.” दादाची मान आणखी खाली गेली. “नाहीतर दोघी मिळून करार पुढे वाढवा. किंवा दोघींच्या मर्जीनं आजच संपवा. एका कागदाचं काम आहे. कोर्टाची पायरी चढायची गरज नाही.”

बेबीताईंनी निवेदिकेकडे पाहिलं. महिनाभरात पहिल्यांदा त्या तिच्याकडे भांडायच्या तयारीशिवाय बघत होत्या.

“तुम्हाला राहायचंय का इथं?” त्यांनी विचारलं.

निवेदिकेनं कप बशीत ठेवला. “खरं सांगू? नाही. भांडणानंतर मला राहायचंच नव्हतं. मला केंद्र जवळ पडेल अशी खोली हवी होती. इथं राहिले ती तुमचा निरोप आला म्हणून. आणि गॅसची धास्ती होती म्हणून. वाटायचं, आपण गेलो आणि काही झालं तर.”

“आणि मला तुम्ही गेलेल्या हव्या होत्या!” बेबीताई म्हणाल्या, आणि त्यांना एकदम हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसावे लागले. “दादा, अरे, दोघींना एकमेकींपासून सुटायचं होतं, आणि तू आम्हाला महिनाभर बांधून ठेवलंस!”

निवेदिकेनं फिर्याद करायची नाही असं ठरवलं. पण एक अट घातली. दादानं केलं ते सगळं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं. दादानं लिहिलं. कबुलीजबाबसुद्धा इतक्या सुरेख अक्षरात उतरला की मामा म्हणाले, असला कागद कोर्टात एकतीस वर्षांत पाहिला नाही. केंद्राजवळच्या त्या खोलीच्या मालकांकडे दादा स्वतः गेला. झाला प्रकार सांगितला, त्यांची बोलणी खाल्ली. खोली अजून रिकामी होती, ती मिळवूनच परत आला.

शुक्रवारी बेबीताई नाकाच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की वास थोडाफार परत येऊ लागेल किंवा येणार नाही, सहा महिने वाट बघू. तोवर हे काम बंद दारांच्या खोलीत करायचं नाही. शनिवारी कामाच्या खोलीत हवा खेचणारा पंखा बसला आणि गॅस सुटला तर कर्कश ओरडणारं एक यंत्र भिंतीवर आलं. मदतनिशीची बहीण पुढच्या आठवड्यात राहायला येणार होती. तिला बेबीताईंनी फोनवर पहिली गोष्ट सांगितली ती हीच, की मला वास येत नाही. हे वाक्य बोलताना त्यांचा आवाज अडखळला, पण त्यांनी ते पुरं केलं.

रविवारी दुपारी निवेदिकेचं सामान टेंपोत चढलं. दोघींनी मामांसमोर एका कागदावर सह्या केल्या, खोली राजीखुशीनं सोडली आणि परत मिळाली म्हणून. मामा आणि दादा खाली टेंपोपाशी जाऊन थांबले. निवेदिका किल्ली द्यायला कामाच्या खोलीत आली.

बेबीताई खालच्या जबड्याचे दात मेणात बसवत होत्या. किल्ली घेतली आणि म्हणाल्या, “एक विचारू? दुसऱ्या कुणाला विचारता येणार नाही.”

“विचारा ना.”

“या खोलीला वास कसा येतो?”

निवेदिकेनं डोळे मिटून एक खोल श्वास घेतला. मग सांगू लागली, सावकाश, एकही शब्द गाळू नये अशा काळजीनं.

“आधी मेण येतं. गरम, थोडंसं गोड. त्याच्याखाली ओलं प्लॅस्टर, नुकत्याच लिंपलेल्या भिंतीसारखं. ते छान आहे. मग तुमचा तो गुलाबी द्रव. तो भयंकर आहे, ताई, खोटं कशाला सांगू. डोक्यात जातो. आणि या सगळ्याच्या मागं साबण आहे, तुमच्या हातांचा. तो मात्र खोलीत शिरल्याबरोबर येत नाही. तुमच्याजवळ येऊन उभं राहिलं की येतो.”

बेबीताईंनी आपला हात नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला.

“कसला साबण?” त्यांनी विचारलं. “सांगा.”

निवेदिकेनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि त्यांच्याजवळ बसली. खाली टेंपोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून त्याला थांबायची खूण केली.